आम्लाची जाणीव चेतापेशीला नेमकी कशी होते?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. भिरंडे (कोकमाची फळे) फोडून सोलां (साली) वाळत घालण्याच्या दिवसांत बोटाच्या चिरेत आगळ (कोकमाचा आंबट रस) गेले की कसे झोंबते, हे आमच्याकडे घरोघरी ठाऊक असते. चेतापेशीला इजा होते म्हणून झोंबते, असे विद्यार्थी लिहितात. परंतु हात धुतल्यावर लवकरच बरे वाटत असल्याने हे उत्तर मला पटत नाही. आम्लातील हायड्रोजन आयन पेशीत शिरतात आणि त्यांचाच विद्युतप्रवाह होतो, असे सांगावे का?

उत्तर (पणजी)
तसे सांगू नये. आत शिरतात ते मुख्यतः सोडियमचे आयन. हायड्रोजन आयन केवळ त्यांची वाट उघडून देतात. संवेदी चेतापेशींच्या पटलात ‘एसिक’ नावाचे आयन चॅनेल, म्हणजे आयनांना वाट देणारी प्रथिने, असतात. त्यांपैकी कोंबडीतील एका चॅनेलची रचना २००७ मध्ये स्फटिकांवरून उलगडली, तेव्हा तीन घटक एकत्र येऊन तो बनतो आणि प्रत्येक घटकाचा पेशीबाहेरचा भाग चेंडू धरलेल्या हातासारखा असतो, असे दिसले. या भागातील खोबणीत ॲस्पार्टेट व ग्लुटामेट या अमिनो आम्लांचे ऋणभार दाटीने असतात. हायड्रोजन आयन चिकटले की हे भार शमतात, एकमेकांना दूर लोटणारे गट जवळ येतात आणि ती हालचाल पटलातील छिद्रापर्यंत पोहोचून ते उघडते. अर्थात ही एकच खोबण सगळे ठरवते असे नाही, आयन चिकटण्याच्या जागा आणखीही आहेत. रक्ताचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) ७.४ असतो, एसिक-३ हा एसिकचा एक प्रकार मात्र तो ७ च्या आसपास उतरला तरी प्रतिसाद देतो. जिभेवरील आंबट चवीच्या पेशींत ओटॉप-१ या चॅनेलमधून हायड्रोजन आयन खरोखरच आत जातात, त्यामुळे आपला तर्क तेथे बरोबर ठरतो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. हे चॅनेल आम्ल असेपर्यंत उघडेच राहतात का?

उत्तर (म्हापसा)
नाही. बहुतेक एसिक आम्ल तसेच असतानाही काही सेकंदांत मिटतात. आम्ल तीव्र असेल, म्हणजे सामू ६ च्या खाली गेला, तर मिरचीतील कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारा टीआरपीव्ही-१ हा चॅनेलही उघडतो आणि तो अधिक काळ उघडा राहतो. सौम्य आम्लाने तो थेट उघडत नसला, तरी उष्णतेला अधिक संवेदनशील होतो. माणसांच्या त्वचेत आम्लद्रावण सोडून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सामू ६ पर्यंतची वेदना एसिक रोखणाऱ्या अमिलोराइडने शमली. टीआरपीव्ही-१ रोखणाऱ्या औषधाचा उपयोग तीव्र आम्लाच्या वेळीच, तोही अंशतः, झाला.