धूर, गोंगाट आणि लखलखाट : पुण्यातले तुमचे अनुभव

चांदणचकवा

परवा वळीव झोडपून गेला आणि आमच्या कर्वेनगरात लाइट गेले. इन्व्हर्टरनेही मान टाकली. उकाड्याला कंटाळून गच्चीवर गेलो तर समोर सप्तर्षी! पावसाने हवा धुतलेली, खाली अंधार. मुलगी अकरावीत आहे. ती विचारते, "बाबा, हे रोज असतं इथे?" तिला वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवणार एवढ्यात लाइट आले. चौकातला जाहिरातीचा भलामोठा पडदा पेटला आणि आकाश परत ताकासारखं झालं.

१९९७ साली हेल-बॉप धूमकेतू आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघितला होता. जेवून वर जायचं, बघायचं, झोपायचं. त्याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं.

तर धूर, आवाज, उजेड यांपैकी तुम्हाला काय बाधलं? झोप, कान, छाती, घरातले म्हातारे, अंगणातली झाडं, काहीही चालेल. राजकारण नको (लिहायची पद्धत म्हणून लिहिलं).

एक_पेठकर

मी पहिला! उजेडाचं नंतर, आधी गणपती. घर मिरवणुकीच्या रस्त्याला लागून. वडिलांची बायपास झालेली आहे, म्हणून विसर्जनाच्या आदल्या दिवशीच त्यांना बहिणीकडे साताऱ्याला पोचवतो. स्वतःच्या घरातून पळून जायचं, तेही आपल्याच बाप्पाच्या दिवशी.

ढोल-ताशाला माझा विरोध नाही, पथकात होतो मी. ढोलवाला दमतो, थांबतो, पाणी पितो. स्पीकरची भिंत दमत नाही. मांडणीतली भांडी आपोआप पुढे सरकतात, ती पडू नयेत म्हणून आई खाली चादर अंथरते.

निद्रानाशी

आवाजाचा नियम २०००चा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या मागे लग्नाचं लॉन आहे. ४५ म्हणजे त्यांचे वाढपी आपापसात बोलले तरी ओलांडतील. एकदा तक्रारीचा फोन केला तर पलीकडून उत्तर, "अहो, मुहूर्त आहे आज." बरं मग.

एक_पेठकर

@निद्रानाशी, मुहूर्त रात्री साडेअकराचा?

निद्रानाशी

वरातीचा असावा.

लेकुरवाळी

पटकन लिहिते, पिल्लू झोपलंय. रावेतला राहतो. समोर दोन बिल्डिंगांचं काम, पलीकडे काँक्रीटचा प्लांट. गॅलरीत सकाळी पुसलेली फरशी दुपारी परत करडी. लेक दीड वर्षाचा आहे, दोन्ही थंड्यांत छाती घरघरली, नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) घरीच घेऊन ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान वयात दमा आहे असं लगेच म्हणायचं नाही, पण पहाटे बाहेर फिरवू नका. सासूबाईंना हे काही केल्या पटत नाही, सकाळची हवा चांगली असते म्हणतात. उठला वाटतं. नंतर येते.

टेकडीवाला

सासूबाईंना वेताळ टेकडीवर घेऊन या, डिसेंबरात, उजाडता उजाडता. स्वारगेट-हडपसरच्या बाजूला तपकिरी पट्टा आडवा पसरलेला असतो, वरची कड पट्टी लावून आखल्यासारखी. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर तिच्याहून उबदार थर बसतो. मग खालचा धूर वर जात नाही. ऊन तापून तो थर मोडेपर्यंत गाड्यांचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा सगळा धूर आपल्या नाकाच्या उंचीवर. म्हणून मी थंडीत नऊनंतर चढतो. बाकीचे मला आळशी समजतात.

आकडे बघायचे तर आपल्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने 'सफर' ही हवेचं प्रदूषण मोजणारी यंत्रणा उभी केलीय. पीएम २.५ बघा, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन, यावरून समजा. हे नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. तेव्हा अॅपवर 'समाधानकारक' आलं म्हणून फार समाधानी होऊ नका.

खोकलाराम

बाहेरच्यांना शिव्या घालून झाल्या असतील तर घरात या. आमच्याकडे खिडक्या गच्च लावायच्या आणि पलंगाखाली डासांची कॉइल पेटवायची, अशी वर्षानुवर्षं पद्धत. एका कॉइलमधून जे बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे, असं मोजलेलं आहे. माझ्या आजीने आयुष्यात विडी बघितली असेल तर लांबून. तरी शेवटी सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. चूल आणि कॉइल, दोन्ही तिच्या वाट्याला.

मुठाकाठची

सगळं खरं हो, पण आमच्यासारखं नदीकाठी राहून बघा, मग कॉइलला नावं ठेवा. संध्याकाळी तोंड उघडलं तर डास आत.

खोकलाराम

मच्छरदाणी. हसू नका, खरंच सांगतोय. तुळशीबागेत मिळतात.

भोसरीचे आजोबा

मुलांनो, मी सुखी माणूस आहे. मला ऐकूच कमी येतं.

सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात पत्रे ठोकायच्या यंत्रांपाशी झाली. त्या काळी कानात काही घालणारा म्हणजे नाजूक समजला जाई. पुढे सेफ्टीवाल्यांनी तक्ता लावला, तो अजून पाठ आहे : ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त पाव तास. तक्ता आला तोवर माझे वरचे सूर गेले होते. आधी पक्षी गेले, मग कुकरची शिट्टी, मग नातवंडांचं बोलणं. बायकोचं मात्र येतं ऐकू.

पेठकर, तुमच्या पथकातल्या पोरांना सांगा, रात्री कानात शिट्टी वाजली तर ती कौतुकाची नव्हे.

एक_पेठकर

आजोबा, दंडवत. आम्ही कापसाचे बोळे घालायचो, त्याने आवाज फारसा अडत नाही म्हणतात. नीट इअरप्लग घ्यायला हवेत. आमच्यातल्या एकाची ती शिट्टी अजून थांबलेली नाही, रात्री पंखा लावल्याशिवाय झोपत नाही बिचारा. आणि मिरवणुकीतले ते लेझर! झोत थेट डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत आतला पडदा भाजतो. गॅलरीतून पोरांना कडेवर घेऊन बघणारे लोक दिसले की माझ्याच पोटात गोळा येतो.

रात्रपाळी

हिंजवडी. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम, त्यामुळे झोपेचं आधीच वाटोळं. त्यात बेडरूमच्या खिडकीसमोर नवा एलईडी खांब आला. निळसर पांढरा उजेड डोळ्यावर पडला की मेंदूला वाटतं दिवस आहे, झोप आणणारं मेलाटोनिन तयार व्हायचं थांबतं. जाड पडदा लावला तर वारा नाही. उघडला तर धूळ, हॉर्न आणि उजेड, तिघं एकदम आत. शेवटी डोळ्यावर पट्टी बांधून झोपते. नवरा म्हणतो गांधारी.

चहाबाज

पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे बरे होते राव. वडापाव त्या उजेडात जास्त चांगला दिसायचा.

रातकिडा

चहाबाजांचं वडापावाचं माहीत नाही, पण किड्यांना पिवळा उजेड खरंच कमी बाधतो. निळ्याकडे झुकणाऱ्या उजेडाकडे ते जास्त ओढले जातात, खांबाभोवती फिरून फिरून मरतात.

आता जूनमध्ये सगळे राजमाची-भंडारदऱ्याला काजवे बघायला निघतील, म्हणून सांगतो. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे. तिथे जाऊन गाडीचे हेडलाइट लावायचे, मोबाइलचा टॉर्च मारायचा, वर "यंदा काजवे कमी दिसले" म्हणायचं. अरे, तुमच्या उजेडात त्यांना एकमेकांचा पत्ताच लागत नाही. एक वर्ष हुकलं की पुढची पिढी हुकली, प्रौढ काजवा काही आठवडेच जगतो. शहरात तर झाडांच्या बुंध्यांना बाराही महिने माळा गुंडाळलेल्या. आमच्या गल्लीतला कोकीळ रात्री दोनला सुरू होतो. त्याला तरी काय कळणार पहाट कधी झाली ते.

आपल्या राज्यात पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला. वाघ बघायला जाल तेव्हा रात्री मान वरही करा.

चांदणचकवा

@रातकिडा, नोंदवून ठेवतो. पुण्यातल्या पुण्यात सुरुवात करायची तर ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, टिळक स्मारक मंदिरात. मुलीला तिथे नेणार आहे.

बिनजाळीची गॅलरी

हवेच्या प्रदूषणात कबुतरं धरायची का? धरतेच. सासूबाईंना कोरडा खोकला, जिना चढताना धाप. सगळ्यांचं म्हणणं वय झालं. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाला सूज निघाली, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "घरात कबुतरं येतात का?" वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ. आता स्टिरॉइड चालू आहेत. आणि समोरच्या विंगमधल्या काकू रोज सकाळी गच्चीत ज्वारी टाकतात. पुण्य त्यांना, विष्ठा आम्हाला.

मुठाकाठची

आमच्याकडे पण अशा काकू आहेत!! सोसायटीच्या मीटिंगला विषय काढला तर म्हणाल्या, तुम्हाला मुक्या जिवांची दया नाही.

निद्रानाशी

त्यांना आमच्या लॉनवाल्यांकडे पाठवा. फटाक्याच्या एका माळेत सगळी कबुतरं उडतात. मग दोन मिनिटांनी तुमच्याकडे येतात.

लेकुरवाळी

परत आले. टेकडीवाला, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, "नऊला उठणाऱ्याचं काय ऐकायचं?"

बिनजाळी, गॅलरीला जाळी बसवून घ्या आधी. आमच्याकडे लावली तेव्हापासून कबुतरं तरी बंद आहेत, धूळ आहेच. खालून-वरून नीट ताणून बसवायला सांगा, एसीच्या मागची फट सोडतात हमखास.

बिनजाळीची गॅलरी

जाळीवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? दोघांना फोन केले, दोघेही "उद्या येतो" म्हणाले.