सर्वश्रेष्ठ डावखुरा पिचर : सँडी कूफॅक्स की वॉरन स्पान?

मूळ धागा

बेसबॉलमधल्या सर्वश्रेष्ठ डावखुऱ्या पिचरचा (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा) विषय निघाला की डॉजर्स संघाच्या सँडी कूफॅक्सचे नाव इतक्या सहजपणे घेतले जाते, की त्याची कारकीर्द तपासून पाहण्याची गरजच कोणाला भासत नाही. 1955 ते 1960 या पहिल्या सहा मोसमांत त्याच्या खात्यावर (बेसबॉलमध्ये सामन्यातला विजय किंवा पराभव पिचरच्या नावे नोंदवतात) 36 विजय आणि 40 पराभव होते, आणि नोव्हेंबर 1966 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. एकूण विजय 165. याउलट वॉरन स्पानचे 363 विजय डावखुऱ्या पिचरांमध्ये आजही सर्वाधिक आहेत, आणि तेही दुसऱ्या महायुद्धात तीन मोसम सैन्यात गेल्यामुळे पहिला विजय पंचविसाव्या वर्षी मिळालेला असताना. तेरा मोसमांत त्याने वीस किंवा त्याहून अधिक सामने जिंकले.

शिवाय कूफॅक्सचा बहराचा काळ पिचरांना धार्जिणा होता. 1963 मध्ये स्ट्राइक झोन (ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू फलंदाजाने सोडला तरी त्याच्याविरुद्ध मोजतात तो) वाढवला गेला होता, माउंडची (पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो त्याची) उंची तेव्हा 15 इंच होती (ती 1969 मध्ये 10 इंचांवर आणावी लागली), आणि डॉजर स्टेडियमवर तर धावा काढणे फलंदाजांना जडच जाई. त्या मैदानावर कूफॅक्सने नऊ इनिंगमागे सरासरी 1.37 धावा दिल्या. हे यश त्याचे किती आणि मैदानाचे किती?

प्रतिसाद 1

धागाकर्त्यांचे आकडे बरोबर असले तरी निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. माउंड आणि स्ट्राइक झोन सर्वांनाच सारखे होते. तरीही 1962 ते 1966 अशी सलग पाच वर्षे नॅशनल लीगमध्ये (दोन प्रमुख लीगपैकी एकीत) धावा देण्याची सर्वांत कमी सरासरी कूफॅक्सचीच राहिली. मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोन्ही लीग मिळून एकालाच दिला जात असे, त्या काळात त्याने तो तीनदा एकमताने मिळवला.

मैदानाचा मुद्दा 1965 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेतल्या) सातव्या, निर्णायक सामन्यापुढे टिकत नाही. तो सामना मिनेसोटात झाला. तीनच दिवसांपूर्वी पूर्ण सामना टाकलेल्या कूफॅक्सचा कर्व्हबॉल त्या दिवशी वळत नव्हता, म्हणून त्याने जवळजवळ केवळ वेगवान चेंडूंवर भिस्त ठेवली, फलंदाजांना तीनच हिट (यशस्वी फटके) दिल्या, दहा जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि सामना 2-0 असा जिंकून दिला. हे सारे संधिवात जडलेल्या कोपराने! सामन्याआधी अंगाची आग करणारे मलम चोळायचे आणि सामन्यानंतर कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचे, हा त्याचा नित्यक्रमच झाला होता.

प्रतिसाद 2

पहिल्या सहा मोसमांचा हिशेब मांडताना त्या वेळचा बोनस नियमही विचारात घ्यायला हवा. ठरावीक रकमेपेक्षा मोठा बोनस घेणाऱ्या खेळाडूला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या कूफॅक्सला कनिष्ठ लीगमध्ये घडण्याची संधीच मिळाली नाही आणि तो बहुतेक वेळ बाकावर बसून राहिला. 1961 च्या सरावात नॉर्म शेरी या कॅचरने (पिचरचे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) जोर थोडा कमी करून नियंत्रणाकडे लक्ष देण्यास सांगितल्यावर पुढचे सारे घडले. डॉजर्सनी हे सहा वर्षे आधी का पाहिले नाही, हा खरे तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

धागाकर्ता

संधी मिळाली नाही हे मान्य. परंतु न मिळालेल्या संधींचे गुण द्यायचे ठरवले, तर स्पानची युद्धात गेलेली तीन वर्षेही मोजावी लागतील. जुलै 1963 मध्ये, 42 वर्षांचा असताना, त्याने प्रतिस्पर्धी पिचर हुआन मारिशालविरुद्ध सोळाव्या इनिंगपर्यंत एकही धाव दिली नव्हती. अखेर विली मेज या फलंदाजाच्या होमरनमुळे स्पान तो सामना 1-0 असा हरला. त्या मोसमात त्याचे 23 विजय आणि 7 पराभव होते. वेगवान चेंडू मंदावल्यावर त्याने स्क्रूबॉल (कर्व्हबॉलच्या उलट दिशेने वळणारा चेंडू) आत्मसात केला. कूफॅक्सवर अशी वेळ कधी आलीच नाही.

प्रतिसाद 1

ती वेळ येऊ न देण्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला. 1966 मध्ये 323 इनिंग टाकून 27 विजय मिळवल्यानंतर, हात कायमचा निकामी होण्याचा धोका डॉक्टरांनी दाखवल्यामुळे, तो थांबला. स्पानच्या शेवटच्या दोन मोसमांत 13 विजय आणि 29 पराभव आहेत. एकच निर्णायक सामना जिंकायचा असेल, तर मी चेंडू कूफॅक्सच्याच हाती देईन. वीस वर्षांसाठी संघ उभारायचा असेल, तर स्पानला घेण्यास माझी हरकत नाही, परंतु धाग्याचा प्रश्न तो नव्हता.