गाव बदललं, चर्च बदललं, आता प्रार्थनेत लक्षच लागेना झालंय

निपाणीची_लेक

सगळ्यांना सलाम. पहिल्यांदाच लिहितेय इथं, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या. माहेर निपाणी, लग्न होऊन बेळगावात अकरा वर्षं काढली आणि गेल्या जूनपासून आम्ही बैलहोंगलला, ह्यांची नोकरी बदलली म्हणून. त्याच्या आधी एप्रिलमध्ये बाबा गेले. म्हणजे दोन महिन्यांत बाबा, घर, शेजार, मुलाची शाळा आणि चर्च सगळंच गेलं म्हणा की.

बेळगावात मराठी उपासना होती, खिडकीजवळची तिसरी बाक आमची, कुणी लिहून दिलेली नव्हती खरं सगळ्यांना माहीत होतं. इथं घराजवळ जे चर्च आहे ते कन्नड. माणसं लई चांगली आहेत, पहिल्याच रविवारी एका अक्कांनी जेवायला नेलं, खरं उपदेश सुरू झाला की मला पाचातला एक शब्द कळतो. बेळगावात राहून कन्नड येत नाही का म्हणून हसू नका, बाजारापुरतं येतं, एष्टु, साकु, बेड, म्हणजे किती, पुरे, नको. देवाशी बोलण्याइतकं येत नाही. मग मी वरच्या पंख्याची पाती मोजत बसते आणि सगळे आमेन म्हणाले की मी पण आमेन. कशाला म्हटलं ते देवालाच ठाऊक.

घरी तरी नीट व्हावं, तर तेही नाही. रात्री सगळे झोपले की गुडघे टेकते, हे प्रेमळ पित्या म्हणते आणि तिथनं पुढं डोक्यात गॅसचा नंबर लावायचाय, मुलाच्या कन्नडच्या वहीवर लाल शेरा आलाय, घरमालकाला पाण्याचं सांगायचंय. बाबा आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यांचं गायनपुस्तक मी आणलंय, पाठीचं पान सुटलंय म्हणून रबर लावून ठेवलेलं, प्रत्येक गीताच्या डोक्यावर पेन्सिलीनं सूर लिहिलाय, "काळी २", "पांढरी ४", एका ठिकाणी तर "फार वर घेऊ नये, बायकांना त्रास". ते उघडलं की रडू येतं, आणि रडणं म्हणजे प्रार्थना नव्हे ना.

देव बदलत नाही हे मला माहीत आहे. इब्री १३:८ शब्बाथ शाळेत पाठ केलेलं, बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळालेली. तेच वचन परत कुणी पाठवू नका प्लीज, महिनाभर व्हॉट्सॲपवर तेच येतंय. तो बदलत नाही खरं मी बदलले त्याचं काय? लक्ष परत कसं लावायचं, कुणी अशातनं गेलंय का?

पुण्यातला_बेळगावकर

ताई स्पष्ट बोलू का, राग नको. मला वाटतं तुमचं लक्ष उडालेलं नाही, तुम्ही देवावर रागावलाय आणि ते म्हणायची भीती वाटते म्हणून गॅसचा नंबर आठवतोय. मी पुण्याला आलो तेव्हा माझं हेच झालेलं, रूमवर सहा महिने बायबल उघडलं नाही, आईला फोनवर मात्र होय होय वाचतोय. स्तोत्र १३ काढा. दावीद पहिल्या दोनच वचनांत चार वेळा विचारतोय, कोठवर? नमस्कार नाही, प्रेमळ पित्या नाही, डायरेक्ट. तुम्ही पण एकदा मोठ्यानं विचारा, बाबांना का नेलंस, आम्हाला इथं का आणलंस. आणि रडणं प्रार्थना नव्हे हे कुणी सांगितलं तुम्हाला? बायबलमधली हन्ना मूल मागत रडत होती, ती काय करत होती मंदिरात, नुसते ओठ हलत होते आणि याजकाला वाटलं बाई पिऊन आलीय.

खानापूर_लोंढा_लाईन

आम्ही कॅथलिक, त्यामुळं माझं उत्तर तुम्हा लोकांना पटेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात आजी कोंकणीत प्रार्थना करायची, आम्ही पोरं मराठीत, शाळेत इंग्लिशमध्ये, आणि आता काही मिस्सा, म्हणजे आमची उपासना, कन्नडमध्ये. भाषेचं आमच्या भागात एक गंमतच असते, १ नोव्हेंबरला बाहेर एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिवस पाळणारे मराठी लोक, मध्ये पोलीस, आणि आम्ही आत सर्व संतांचा सण करतोय, दुसऱ्या दिवशी सिमेट्रीत मेणबत्त्या. त्या मेणबत्त्यांना भाषा नसते एवढं मला त्या दोन दिवसांत दरवर्षी वाटतं.

सांगायचं ते एवढंच की मन लागत नसेल तेव्हा स्वतःचे शब्द शोधू नका. मी रोझरी घेतो, मन कुठंही असू दे बोटं मण्यांवरनं चालत राहतात, पन्नासातले पाच मणी तरी खरे होतात. तुमच्याकडं रोझरी नाही तर "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आहे की, ते पाठच आहे, सकाळी चहा ठेवताना एकदा, रात्री दिवा घालवताना एकदा. गेलेल्या माणसांसाठी पण आम्ही प्रार्थना करतो, तुमच्यात करत नाहीत ते माहीत आहे, तुमच्या बाबांसाठी मी केली आज.

पेटीवाले_मास्तर

मुली, तुझ्या बाबांचं ते "बायकांना त्रास" वाचून हसलो आणि मग डोळे पुसले. मी पण चाळीस वर्षं पेटी धरली, आता बोटं आखडलीत.

खानापूरवाल्या भावाचं मला अर्धं पटतं. पाठ केलेल्या शब्दांवर माझा पूर्वीपासून जरा संशय, शाळेत पाढे म्हणणारी पोरं बघितलीत ना आयुष्यभर, तोंड पाढ्यात आणि डोळे खिडकीत. खरं बायको गेली त्या वर्षी मला पण प्रभूची प्रार्थना सोडून दुसरं काही म्हणता आलं नाही, तेव्हा जास्त बोलत नाही.

तू बायबलमधलं गणना ९ वाच, शेवटची आठनऊ वचनं. एरवी लोक हे पुस्तक नाव बघूनच टाळतात. निवासमंडपावर, म्हणजे देवाच्या तंबूवर, ढग होता आणि ढग उठला की इस्राएलांनी निघायचं, थांबला की तळ द्यायचा. कधी तो संध्याकाळी थांबून सकाळीच उठायचा, कधी दोन दिवस, कधी महिना, कधी त्याच्याहून जास्त. किती दिवस मुक्काम हे आधी कुणालाच कळवलेलं नाही. आता विचार कर, तो तंबू सांभाळणाऱ्या लेवींनी खांब, कनाती, दोऱ्या सगळं उतरवून उभं केलं असेल, बायकांनी चुली मांडल्या असतील आणि पहाटे हाळी आली की उठा. मला कायम वाटतं की त्यातल्या एखाद्या बाईनं म्हटलं असणार, आता ह्या एका रात्रीसाठी कशाला सगळी गाठोडी सोडायची. आणि पुढं दोनच अध्यायांत, ११ मध्ये, हेच लोक मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडतात. त्यांना देव नको झालेला असं मला नाही वाटत, जिभेला सवयीची चव पाहिजे होती. तुझी तिसरी बाक म्हणजे तुझा लसूण आहे. आठवण काढ की, त्यात पाप नाही. फक्त ढग अजून बेळगावातच थांबलाय असं धरून बसू नको, तो बैलहोंगलला पण आहे.

बदल आमच्या पिढीनं पण बघितले. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला बरीच चर्चेस एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, मेथडिस्ट शेवटच्या घटकेला बाहेर राहिले, मी बारा वर्षांचा होतो, आमच्या घरी वडील एका बाजूला चुलते दुसऱ्या बाजूला आणि जेवताना रोज वाद, आजी शेवटी ताट आपटून म्हणाली आधी ग्रेस तरी करा रे. जेवणाआधीची ती प्रार्थना मात्र कुठल्याही बाजूनं सोडली नाही.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म इकडं कर्नाटकातलाच, १८५८ चा. आईवडील दुष्काळात गेले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा, आणि १९२१ ला एकुलती मनोरमा. ती बाई केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरनं बायबलचं मराठी करत बसलेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या त्याच्या थोडं आधीपर्यंत ते काम चालूच होतं. लेक गेल्यावर त्यांचं मन रोज लागत असेल असं मी तरी म्हणणार नाही. समोर आजचं वचन होतं, ते करायचं होतं. तू पण मन लागायची वाट बघू नको, रोज एक वचन हातानं वहीत लिही. मी हे सहावीच्या पोरांना शिक्षा म्हणून द्यायचो, आता स्वतःच करतोय.

निपाणीची_लेक

मास्तर, लसूण वाचून ह्यांना पण वाचून दाखवलं. वही आणलीय, मुलाच्याच दप्तरातली एक. पुण्याच्या दादा, काल रात्री विचारलं मोठ्यानं, ह्यांना वाटलं मी फोनवर भांडतेय. उत्तर काही आलं नाही खरं झोप लागली, बऱ्याच दिवसांनी. कन्नडचं मात्र कुणीच काही सांगितलं नाही, रविवार परवावर आलाय.

गोकाकची_थोरली_सून

मी सांगते की. माहेर चिकोडी, घरात मराठी, तेवीस वर्षं झाली गोकाककडं कन्नड घरात. पहिली दोन वर्षं मी पण तुझ्यासारखी पंखे मोजले, आमच्या चर्चमध्ये चार होते आणि एक कायम बंद.

एक ट्रिक सांगते, मांडीवर दोन बायबल ठेव. वाचनाचा अध्याय कुठला ते आधी विचारून घे, तुझ्या त्या जेवायला नेलेल्या अक्कांना फोन कर, त्यांना आवडेल. कन्नड लिपी येत नसेल तर फोनवर ऑडिओ लाव आणि मराठीत बोट ठेवून ऐक. सुरुवात पाठ असलेल्यापासनं कर. माझं पहिलं कन्नड वचन स्तोत्र २३ चं, यहोवनु ननगे कुरुबनु, कोरतेपडेनु. सासूबाई भाकरी थापत म्हणत होत्या आणि मी कुरुबनु ऐकून थांबले. मराठीत मेंढपाळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं संडेस्कूलच्या कॅलेंडरवरचं चित्र यायचं, पांढरा झगा, हातात कोकरू, मागं हिरवंगार. कुरुब म्हटल्यावर आमच्या शेतात बकरी बसवायला येतो तो माणूस आला डोळ्यांपुढं, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा, अंगाला मेंढरांचा वास, सासऱ्यांबरोबर जोंधळ्यावरनं घासाघीस करणारा. देव असा? मला हसूच आलं. खरं मग ते डोक्यातनं जाईना.

तू बैलहोंगलच्या काळ्या रानात आहेस म्हणजे तुला दिसतीलच, पीक निघालं की खतासाठी शेतकरी त्यांना बोलावतात, आज ह्याच्या रानात, चार दिवसांनी दुसऱ्याच्या. मी एकदा संध्याकाळी बांधावर उभी राहून बघितलं. नवीन रान, त्या मेंढरांनी आधी कधी बघितलेलं नाही, पाणी कुठं बांध कुठं काही माहीत नाही, बाजूनं ट्रॅक्टर गेला तशी बिचकली सगळी. त्यानं तोंडानं एक आवाज काढला, मला काढता येणार नाही तसला, आणि सगळी त्याच्याकडं तोंड करून उभी. एक मात्र चरतच राहिलं, त्याला त्यानं जाऊन मानेला धरून आणलं, शिवी पण दिली बहुतेक. तुझं लक्ष लागत नाही ना, तर तू ते चरत राहिलेलं समज. आणायला तो येतो. योहान १० मध्ये ते वाणी ओळखण्याचं आहे ते मी त्या दिवशी समजून वाचलं, त्याच्या आधी वीसवेळा तरी वाचलं असेल.

आणि गायनपुस्तक घेऊन जा रविवारी. चाली कितीतरी सारख्याच असतात गं, शब्द तेवढे कन्नड.

निपाणीची_लेक

अक्का, नेलं पुस्तक. रबरासकट.

उपदेश अजून पाचातला दीडच शब्द कळला, उगाच मोठं सांगत नाही. मध्ये एकदा पंख्याकडं मान गेलीच. खरं वाचन स्तोत्रांमधलं होतं, आधी विचारून घेतलेलं, आणि दोन बायबल मांडीवर बघून शेजारच्या बाईनं तिचं माझ्याकडं सरकवलं, म्हणजे तीन झाली.

दुसरं गीत सुरू झालं आणि मला कळलं की हे बाबांचं आहे. शब्द कन्नड, चाल तीच. कीबोर्डवर एक पोरगा आहे, अकरावी बारावीचा असेल, त्यानं इतकं वर घेतलं की दुसऱ्या कडव्याला सगळ्या बायका गप्प, नुसते पुरुष ओरडतायत. मी पुस्तकातलं ते पान काढून ठेवलेलंच. उपासना संपल्यावर त्याच्याकडं गेले, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये काही सांगता येईना, मग ते पेन्सिलीचं "पांढरी ४" बोटानं दाखवलं आणि वर बघून म्हटलं, बेड. त्याला मराठी आकडा कळला की नाही कुणास ठाऊक, त्यानं पट्टी खाली आणून दोन ओळी वाजवून बघितल्या आणि विचारलं, यार बरदद्दु? कुणी लिहिलं म्हणून विचारत होता, तेवढं कळलं मला. म्हटलं, नम्म अप्पा.

मास्तर, काळी २ ला कीबोर्डवर काय म्हणतात, तो पुढच्या रविवारी विचारणार आहे.