क्रुया (अल्बानिया): एका दिवसात किल्ला, बाजार आणि वरचा तेक्के होईल का?

पायवाट_९ (प्रश्न)
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिरानाला तीन रात्री मुक्काम आहे. त्यातला एक अख्खा दिवस क्रुयासाठी ठेवला आहे. आम्ही चौघे आहोत. एकाचे गुडघे दुखतात, दोघे शाकाहारी. स्कंदरबेगचा (पंधराव्या शतकात तुर्की सुलतानांशी लढलेला अल्बानियन सरदार) किल्ला हे जाण्याचं मुख्य कारण. बाजारात घाई करायची नाही. विचारायचं आहे ते असं:
जायचं कसं? किल्ल्यात आधी काय बघावं आणि काय सोडलं तर चालेल? बाजारात गालिचा घ्यायचा झाला तर अस्सल कसा ओळखायचा? वर डोंगरावर बेक्ताशी या सूफी पंथाच्या लोकांचं ठिकाण, म्हणजे तेक्के, आहे, तेही त्याच दिवशी जमेल का?
आणखी एक. किल्ल्यातल्या विहिरीत मेलेला कुत्रा टाकला म्हणून किल्ला पडला, असं एका ठिकाणी वाचलं. ती विहीर दाखवतात का?

गडवाचक
कुत्र्याच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती क्रुयाची नाहीच. ती स्वेतिग्रादची आख्यायिका. तो किल्ला १४४८ मध्ये पडला आणि त्याची जागा आज उत्तर मॅसेडोनियात येते. क्रुयाची गोष्ट नेमकी उलटी. गावाचं नावच झऱ्यावरून आलंय, अल्बानियन भाषेत झऱ्याला ‘क्रुआ’ किंवा ‘क्रोय’ म्हणतात. पाणी आणि उतार या दोन गोष्टी डोक्यात ठेवून किल्ला बघितलात तर तो उलगडतो, नाहीतर चार भिंती आणि एक बुरूज एवढंच दिसेल.

दारातून आत गेल्यावर आधी संग्रहालयात शिरू नका. टेहळणीच्या जुन्या बुरुजाकडे जा आणि तिथून चारी बाजू बघा. पश्चिमेला सपाट मैदान आणि हवा स्वच्छ असेल तर एड्रियाटिक समुद्राची रेघ. पूर्वेला पाठीशी चिकटलेला उभा डोंगर. गाव सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि मागचा डोंगर त्याच्या जवळपास दुप्पट. मैदानातून येणारं सैन्य तासन्‌तास आधी दिसतं. वर येईपर्यंत ते दमलेलं असतं, आणि आल्यावर त्याला तळ टाकायला सपाट जागा मिळत नाही.

आता १४५० चा वेढा या जागेवर मांडून बघा. सुलतान मुराद दुसरा स्वतः आला होता. किल्ल्यात व्राना कोंतीच्या हाताखाली जेमतेम दीड-दोन हजारांची शिबंदी. स्कंदरबेग मात्र आत नव्हता. तो बाहेर डोंगरात राहून रात्री-अपरात्री तुर्की छावणीवर आणि रसदीवर छापे घालत होता. हाच खरा गनिमी कावा: किल्ला शत्रूला एका जागी खिळवून ठेवतो आणि मोकळी फौज त्याला बाहेरून कुरतडते. मे महिन्यात बसलेला वेढा ऑक्टोबरअखेर उठला, कारण डोंगरात हिवाळ्याची रसद पोचणार नव्हती. मुलगा मेहमेद दुसरा, म्हणजे इस्तंबूल जिंकणारा, १४६६ आणि १४६७ मध्ये आला, त्यालाही जमलं नाही. स्कंदरबेग १७ जानेवारी १४६८ ला लेझ्याला आजारपणात गेला. पुढे दहा वर्षांनी, १४७८ मध्ये, लांबलेल्या वेढ्यात अन्न संपलं तेव्हा क्रुया पडलं. बाहेरून छापे घालणारी फौज तेव्हा उरली नव्हती, हे लक्षात घ्या.

मग संग्रहालय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे फसगत होणार नाही. दुरून मध्ययुगीन गढीसारखी दिसणारी ती इमारत १९८२ ची आहे. प्रान्वेरा होजा आणि पिरो वासो हे तिचे वास्तुरचनाकार. प्रान्वेरा ही हुकूमशहा एन्वर होजाची मुलगी. त्या काळातल्या राजवटीला स्कंदरबेग कसा दाखवायचा होता हे बघायला ती इमारत उत्तम: दारातच साथीदारांसह भला थोरला पुतळा, वर वेढ्यांची चित्रं, शस्त्रं, पत्रांच्या प्रती. काचेत ठेवलेलं बकऱ्याच्या डोक्याचं शिरस्त्राण आणि तलवार या प्रतिकृती आहेत. मूळ वस्तू व्हिएन्नाच्या संग्रहालयात. हे आधी माहीत असलं की त्या काचेपुढे अर्धा तास जात नाही.

अस्सल काय, तर तटाचे भाग, बुरूज, जुन्या हमामची घुमटी, मशिदीच्या मिनाराचा उरलेला बुंधा आणि खालच्या टोकाला दोल्मा तेक्के. जास्त वेळ यांना द्या.

खिडकीजवळची_सीट
जाण्याबद्दल. आधी नाव. पाटीवर कधी ‘क्रुयं’ आणि कधी ‘क्रुया’ दिसेल, व्याकरणाप्रमाणे शेवट बदलतो, गाव एकच. उच्चारात ‘ज’ नाही, ‘य’ आहे. ‘क्रुजा’ म्हणालात तर ड्रायव्हर गोंधळेल.

मोठा घोळ होतो तो फुशं-क्रुयामुळे. ते खालच्या मैदानातलं वेगळं शहर, ‘फुशं’ म्हणजे मैदान. तिरानाहून निघणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथेच थांबतात. गाडीत बसण्यापूर्वी पुढच्या काचेवरची पाटी नीट वाचा. नुसतं क्रुया लिहिलं असेल तर ती वर जाते. फुशं-क्रुयाला उतरावं लागलं तरी बिघडत नाही, तिथून वर जाणारी फुर्गोन (मिनीबस) मिळते, वळणावळणाचे साधारण १० किलोमीटर आहेत. (जॉर्ज बुश २००७ च्या जूनमध्ये तिथे येऊन गेले, त्यांचा पुतळा चौकात आहे. गाडी बदलताना दिसतो.)

फुर्गोन वेळापत्रकापेक्षा भरण्यावर सुटते. तिकीट नसतं, पैसे उतरताना ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. सुट्या नोटा ठेवा. परतीची शेवटची गाडी कधी, हे वर पोचल्यावर उतरतानाच विचारून घ्या. दुपारनंतर गाड्या पटापट कमी होतात आणि तेव्हा टॅक्सीशिवाय पर्याय राहत नाही. गुडघ्यांचा प्रश्न आहे आणि चौघे आहात, तेव्हा सकाळी फुर्गोन आणि परत टॅक्सी हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. विमानतळ रिनासला, म्हणजे तिराना आणि क्रुयाच्या मध्येच आहे. शेवटच्या दिवशी क्रुया ठेवून थेट विमानतळ गाठणंही जमतं, फक्त सामान ठेवायची सोय आधी बघा.

पैशांबद्दल एक गोष्ट पाठच करून ठेवा. १९६५ मध्ये ‘लेक’ या अल्बानियन चलनावरचं एक शून्य काढलं गेलं, पण बोलताना माणसं आजही जुन्या लेकमध्ये आकडा सांगतात. दुकानदार ‘पाच हजार’ म्हणाला तर बहुतेक वेळा तो ५०० लेक म्हणतोय. यात फसवणूक नसते, सवय असते. घाबरून निघून जाऊ नका आणि उगाच दहापट पैसेही देऊ नका. ‘त रेया?’ म्हणजे ‘नवे?’ एवढं विचारा किंवा आकडा कॅल्क्युलेटरवर टाकायला सांगा. जुन्यांना ‘त व्येत्रा’ म्हणतात. टॅक्सीचं भाडं ठरवताना हे विचारलंच पाहिजे. युरो पुष्कळ ठिकाणी चालतात, पण दर दुकानदार ठरवतो. लेक देशाबाहेर बदलून मिळणं अवघड, उरलेले तिथेच संपवा.

अल्बानिया शेंगेनमध्ये नाही. इटली किंवा ग्रीसहून येऊन परत तिकडेच जायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तपासा.

धागादोरा
बाजार किल्ल्याच्या दाराखालीच आहे. एक लांब गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, वर पुढे आलेल्या छपरांच्या वळचणी जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या. फरसबंदीच्या मधोमध पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ आहे. शतकानुशतकं घासून दगड गुळगुळीत झालेत. एप्रिलमध्ये पाऊस पडून गेलेला असला तर ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पन्हळीजवळून चालू नये, गल्लीच्या कडेने जावं. रबरी तळ आणि खाचा असलेले बूट हवेतच, उतरताना तर नक्की.

गालिच्याचं सांगते. तिथे मुख्यतः ‘किलीम’ मिळतो, म्हणजे लव नसलेला, सपाट विणीचा. पारख अशी करा:

उलटून बघा. हातमागाच्या किलीमची नक्षी दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच स्पष्ट दिसते. मागून कापड चिकटवलेलं असेल किंवा नक्षी फिकी, छापल्यासारखी असेल तर सोडून द्या.

टोकाची झालर बोटांनी चाळवा. ती ताण्याच्याच (उभ्या) धाग्यांची, आतून आलेली असते. वेगळी शिवलेली झालर म्हणजे यंत्रावरचा माल.

पांढरा रुमाल ओला करून लाल किंवा गडद निळ्या पट्ट्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. रंग उतरला तर तो धुण्यात पसरणार. प्रामाणिक विणकर याला हरकत घेत नाही.

लोकर की कृत्रिम धागा, यासाठी सुटा धागा मागून काडीवर जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत भुगा होते. कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी बनतो.

कडा थोड्या वाकड्या, एखादा पट्टा मध्येच किंचित वेगळ्या छटेचा, हे दोष समजू नका. लोकरीची रंगवलेली एक खेप संपून दुसरी लागली की छटा बदलते. किलीम निवडायचा तर मी असाच निवडेन. काही दुकानांत आतल्या बाजूला उभा माग लावलेला असतो. विणकर बाई फणीने बाणा, म्हणजे आडवा धागा, खाली ठोकते तो आवाज गल्लीत ऐकू येतो. जिथे माग चालू आहे तिथे आधी थांबा.

पांढरी नमद्याची टोपी, ‘केलेशे’, हलकी आणि पिशवीत सहज मावणारी. लोकर पिंजून, गरम पाणी आणि साबणाने मळून, लाकडी साच्यावर चढवून ती करतात. चांगल्या टोपीला कुठेही शिवण नसते आणि उजेडात धरली तर जाडी सगळीकडे सारखी दिसते. हाताला भुसभुशीत लागली तर ती नीट मळलेली नाही, पहिल्या पावसात आकार सोडेल.

तांब्याची भांडी वापरायला घेणार असाल तर आतून कल्हई बघा. नसली तर ती शोभेचीच समजा. जुनी नाणी, धार्मिक वस्तू, ‘फार पुरातन आहे’ म्हणून दाखवलेलं काहीही घेऊ नका. सांस्कृतिक वारसा परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि अडवलं जाल ते विमानतळावर.

पायवाट_९
जुन्या-नव्या लेकचं अजिबात माहीत नव्हतं, बरं झालं. वरच्या तेक्केबद्दल कुणी सांगेल का? आणि खाण्याचं?

सावलीची_बाजू
डोंगरावर सारी साल्तिक या बेक्ताशी संताचा तेक्के आहे, गुहेत. पायी चढ खडा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तो विचार करू नये. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, अरुंद आणि वळणांचा, म्हणून टॅक्सी ठरवताना वर थांबण्याचा वेळ धरूनच भाडं ठरवा. गुहेत उतरायला पायऱ्या आहेत. दोघांनी खाली जावं, दोघांनी वर बसून समुद्राकडे बघावं, असं चालेल.

तेक्केत शिरताना बूट बाहेर, आणि उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं. बेक्ताशी परंपरेत उंबरठ्याला मान आहे. किल्ल्यातल्या दोल्मा तेक्केलाही हेच. तो अठराव्या शतकाच्या अखेरीचा, आत घुमटाखाली रंगवलेली चित्रं आहेत, बाहेर जुनं ऑलिव्हचं झाड. झाड स्कंदरबेगने लावलं असं लोक सांगतात. मात्र तेक्के किल्ल्याच्या खालच्या टोकाला आहे, म्हणजे जाताना उतार आणि परत येताना चढ. गुडघ्यांसाठी दिवसातला हाच सगळ्यात त्रासाचा तुकडा.

क्रम मी असा लावेन. गाव डोंगराच्या पश्चिम उतारावर असल्यामुळे सकाळी सावलीत असतं, फोटो तेव्हा निस्तेज येतात. म्हणून सकाळी घरातल्या गोष्टी: आधी तोप्तानी घराण्याचा १७६४ चा वाडा, आता लोकजीवन संग्रहालय. सगळ्यात आधी हाच बघा, कारण खाली ऑलिव्हचं तेल काढण्याची घाणी, नमद्याची कार्यशाळा, वर पाहुण्यांची खोली, घरातलंच हमाम असं सगळं जागच्या जागी आहे. बाजारातल्या वस्तू कुठे वापरल्या जात हे इथे कळतं. मग समोरचंच स्कंदरबेग संग्रहालय, दुपारी जेवण, तीननंतर तट, बुरूज आणि बाजार. वरचा तेक्के हवा असेल तर तो टॅक्सीने शेवटी, सूर्य समुद्राकडे कलत असताना. एप्रिलअखेर सातपर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये सव्वाचारलाच सूर्य बुडतो, तेव्हा हा बेत चालत नाही. सोमवार टाळा, संग्रहालयांच्या सुट्टीचा वार तोच असतो. २८ नोव्हेंबरला तर गावात पाय ठेवायला जागा नसते: १४४३ मध्ये स्कंदरबेगने क्रुयावर झेंडा उभारला तो दिवस, आणि १९१२ मध्ये व्ल्योरात स्वातंत्र्य जाहीर झालं तोही तोच.

खाण्याचं सोपं आहे. शाकाहाऱ्यांसाठी पालक किंवा चीजचा ब्युरेक, काकडी-टोमॅटो-चीजची कोशिंबीर, भाजलेल्या भाज्या आणि फर्गेसं. फर्गेसं म्हणजे ढोबळी मिरची, टोमॅटो आणि मऊ चीज मातीच्या भांड्यात शिजवलेलं. त्याचा एक प्रकार काळीज घालून करतात, म्हणून मागवतानाच ‘पा मिश’, म्हणजे मांसाशिवाय, असं म्हणा. भांडं भट्टीतून थेट येतं, चीज आत उकळत असतं. पहिला घास पावासोबत, सावकाश.

‘हो’ला ‘पो’, ‘नाही’ला ‘यो’. मान डोलावण्यावर विसंबू नका, जुनी माणसं होकारासाठी मान आडवी हलवतात. ‘पा मिश’ला समोरच्याने मान आडवी हलवली तर तोंडाने ‘पो?’ असं विचारून खात्री करून घ्या.