लोंबार्ड संघ: स्वातंत्र्याचा लढा की मोठ्या शहरांची दादागिरी?

नकाशेवाला (धागाकर्ता)

मध्ययुगीन युरोप म्हटलं की आपली गाडी राजे, पोप आणि धर्मयुद्धं यांच्यापुढे जात नाही. मला त्या काळातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती उत्तर इटलीतल्या शहरांची. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून पिसा, मिलान, जेनोवा इथे 'कॉन्सुल' दिसू लागतात. ठरावीक मुदतीपुरते नेमलेले, शपथ घेऊन कारभार करणारे लोक. बिशपच्या हातातला न्याय, जकात, बाजार हळूहळू यांच्याकडे आला.

जर्मनीसह उत्तर इटलीवरही हक्क सांगणाऱ्या पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा, त्याला हे कसं खपणार? ११५८ मध्ये रोंकालियाच्या सभेत त्याने बोलोन्याचे चार कायदेपंडित हाताशी धरले आणि जकात, टांकसाळ, न्यायाधीशांची नेमणूक हे सगळे हक्क सम्राटाचेच, असं जाहीर करून टाकलं. मिलान ऐकेना. मग वेढा, उपासमार, आणि ११६२ मध्ये शरणागती. लोकांना बाहेर काढून तट जमीनदोस्त केला. पण पुढच्या पाचच वर्षांत शहरांनी एकमेकांना शपथा देऊन लोंबार्ड संघ उभा केला आणि मिलानकरांना सन्मानाने परत नेऊन बसवलं. ११६८ मध्ये तर एक आख्खं नवं शहर वसवलं आणि त्याला सम्राटाच्या वैऱ्याचं, पोप अलेक्झांडर तिसरा याचं नाव दिलं: अलेस्सांद्रिया. डिवचावं तर असं!

२९ मे ११७६ रोजी लेन्यानोला सम्राट हरला. ११८३ च्या कॉन्स्टन्सच्या तहात त्याला लेखी मान्य करावं लागलं की शहरांनी आपले कॉन्सुल निवडावेत, तट बांधावेत, संघही चालू ठेवावा. लोकशाहीची मुळं शोधायला सगळे अथेन्सला जातात, मी म्हणतो लोंबार्डीत या. मतं मांडा.

खवट लोणचं

लेख छान, पण यातून लोदी कुठे गायब झालं? (दिल्लीचे लोदी नव्हेत. मिलानजवळचं शहर.)

११११ मध्ये याच स्वातंत्र्यप्रेमी मिलानने लोदी उद्ध्वस्त केलं. लोक आजूबाजूच्या वस्त्यांत विखुरले, तरी त्यांचा आठवडी बाजार जोरात चालायचा. मिलानने तोही बंद पाडला. ११५३ मध्ये फ्रेडरिकचा दरबार कॉन्स्टन्सला भरला होता. तिथे लोदीचे दोन गृहस्थ खांद्यावर क्रूस घेऊन उभे राहिले आणि रडत गाऱ्हाणं घातलं. गावाने त्यांना पाठवलंच नव्हतं! राजाने मिलानला पत्र धाडलं, तेव्हा लोदीवाल्यांची पाचावर धारण बसली की आता मिलान आपल्याला सोडत नाही. मिलानच्या कॉन्सुलांनी ते पत्र पायदळी तुडवलं आणि ११५८ मध्ये लोदी पुन्हा बेचिराख केलं. मग नवं लोदी कोणी वसवलं? तुमच्या खलनायकाने, बार्बारोसाने.

११६२ मध्ये मिलानचा तट पाडायला सम्राटाचे जर्मनच होते असं समजू नका. लोदी, क्रेमोना, पाविया, कोमो, सगळ्यांना शहराचा एकेक भाग वाटून दिला होता आणि त्यांनी वर्षानुवर्षांचा राग काढत मन लावून पाडला. आणि ११६७ मध्ये लोदी संघात आलं ते काही हौसेने नाही. नाही म्हणत होते, तेव्हा बाकीच्यांनी वेढा घालून शपथ घ्यायला लावली. वेढा घालून दिलेलं स्वातंत्र्य, वा रे वा.

नकाशेवाला

लोदीचं सगळं मान्य, ते मी टाळलं असं वाटत असेल तर तसं नाही, लेख लांबत होता. पण मग क्रेमोनाचं काय करता? ज्यांनी ११६२ ला मिलान पाडलं तेच ११६७ ला मिलानकरांना घरी पोचवायला गेले. का? कारण मधल्या पाच वर्षांत सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी मित्रशहरांनाही पिळून काढलं. शेजाऱ्याची दादागिरी परवडली, पण वरून आलेला वसुली अधिकारी नको, हा त्यांनी अनुभवाने केलेला हिशेब आहे. राजकारण असंच घडतं की.

ढोलकीवाला

लेन्यानोचा वीर आल्बेर्तो दा जुस्सानो राहिला की! लेन्यानोत पुतळा आहे त्याचा.

खवट लोणचं

@ढोलकीवाला, तो माणूस लढाईनंतर दीडेकशे वर्षांनी बखरीत उगवतो. आता उत्तर इटलीतल्या लेगा पक्षाच्या चिन्हावर तलवार उपसून उभा आहे. खरं काम केलं ते कारोच्चोभोवती, म्हणजे शहराचं निशाण लावलेल्या बैलगाड्याभोवती, भाले रोवून उभ्या राहिलेल्या पायदळाने. त्यांची नावं कोण लिहिणार?

दप्तरदार

दोघेही युद्धातच अडकलात. मला या शहरांत खरं नवल वाटतं ते पोदेस्ता या पदाचं. आपसातल्या घराण्यांच्या मारामाऱ्यांनी कॉन्सुल पद्धत मोडकळीला आली, तेव्हा बाराव्या शतकाच्या अखेरीपासून शहरांनी मुख्य कारभारी चक्क परगावाहून आणायला सुरुवात केली. मुदत एक वर्ष, पुढे बऱ्याच ठिकाणी सहा महिने. येताना स्वतःचे न्यायाधीश, कारकून, शिपाई घेऊन यायचं. गावातल्या कोणाच्या घरी जेवायला जायचं नाही, सोयरीक तर लांबच. आणि मुदत संपली की लगेच घोड्यावर बसून पसार व्हायचं नाही! काही दिवस तिथेच थांबायचं, कोणाही नागरिकाने तक्रार करावी, चौकशी व्हावी, दोष निघाला तर पगारातून वळतं करून घ्यावं. याला 'सिंदाकातो' म्हणत. बदलीचा आदेश आला की दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी करणाऱ्या आपल्या साहेबांना असं थांबवून बघा.

लोकशाही म्हणा किंवा म्हणू नका. सत्तेवरच्या माणसाकडून हिशेब घेण्याची रीत त्यांनी बसवली, आणि तीही राजा नसताना.

खवट लोणचं

दप्तरदार, मुद्दा पटला, पण अर्धाच. रीत कागदावर सुंदर असते. फिरेन्झे (फ्लोरेन्स) घ्या. चौदाव्या शतकात तिथे पात्र नागरिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या कातडी पिशव्यांत भरत आणि दर दोन महिन्यांनी सोडत काढून प्रायर, म्हणजे शहराचे मुख्य कारभारी, ठरवत. ऐकायला किती निःपक्षपाती! पण पिशवीत नाव कोणाचं घालायचं हे ठरवणारे 'आक्कोप्पियातोरी' कोण? १४३४ नंतर मेदिची या सावकार घराण्याने तेवढं एक टोक धरून ठेवलं आणि साठ वर्षं राज्य केलं. सोडत होतच राहिली.

आणि त्या पिशवीच्या बाहेरचे? लोकर पिंजणारे, धुणारे हजारो मजूर. लोकर गिल्डच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाच्या, हुकमतीखाली, पण स्वतःची संघटना करायला बंदी. १३४५ मध्ये चुतो ब्रांदिनी नावाच्या पिंजाऱ्याने वर्गणी गोळा करून मजुरांना एकत्र आणायला घेतलं. रात्री घरातून उचलला. मजुरांनी काम बंद ठेवलं, तरी त्याला फाशीच दिली. १३७८ मध्ये चोंपींनी, म्हणजे याच लोकर मजुरांनी, बंड करून तीन नवी गिल्डं मिळवली, त्यातलं सगळ्यात गरिबांचं काही आठवड्यांतच मोडलं, उरलेली दोन १३८२ मध्ये. श्रीमंतांनी एकमेकांवर ठेवलेली नजर, एवढंच मी याला म्हणेन.

नकाशेवाला

पण चोंपींनी मागितलं काय ते बघा ना. राजा मागितला नाही, धान्यवाटप नुसतं मागितलं नाही. गिल्ड मागितलं, प्रायरपदात वाटा मागितला. दार बंद होतं, पण दार कुठे आहे हे पिंजाऱ्यालाही ठाऊक होतं. बार्बारोसाच्या राज्यात ते दारच नव्हतं.

शेतकऱ्याची लेक

सगळी चर्चा तटाच्या आत. बाहेरच्या कुळांचं काय? १२५६-५७ मध्ये बोलोन्याने जवळपास ५,८०० भूदास मालकांकडून पैसे मोजून सोडवले. मोठ्यांचे दहा लिरा, चौदा वर्षांखालच्या मुलांचे आठ. त्यांच्या नावांची नोंदवही आजही आहे, 'लीबेर पारादीसुस'. सोडवलेला माणूस थेट शहराच्या करदात्यांच्या यादीत. मालकाची वेठ गेली, शहराचा कर आला. नकाशेवाले म्हणतील मुक्ती, लोणचं म्हणतील महसूल. दोघांनी आधी मला एवढंच सांगा, त्या ५,८०० पैकी शहराच्या सभेत मत किती जणांना मिळालं?