इंजिन करू की गाडीच काढून टाकू?

मूळ प्रश्न
वॅगनआर, 2010 ची, 1 लाख 90 हजार किमी. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते. परवा कसारा घाट चढताना मागचा ट्रकवाला सारखा हॉर्न देत होता. मला वाटलं साइड मागतोय. तो बिचारा निळा धूर दाखवत होता. नाशकातल्या द्वारकेजवळचे मिस्त्री म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलून नीट करायला 45 हजार, भंगारातलं बसवलं तर 30. गाडीला सव्वा लाख येतील. पत्रा खणखणीत आहे, 15 वर्षं झाल्यावर पासिंग करून पर्यावरण करही भरलाय. घरात दोन तट पडलेत.

पाथर्डीफाटा
विका आणि मोकळे व्हा. आज इंजिन, दिवाळीला क्लचप्लेट, मग सस्पेन्शन. माझं असंच झालं.

जुनंलोखंड
सव्वा लाख धडधाकट गाडीला येतात हो. धूर बघितला की दलाल सरळ निम्म्यावर येतो. आणि 45 हजारात नाशकात दुसरी कुठली गाडी मिळणार? परक्याचं दुखणं विकत घेण्यापेक्षा घरचं बरं.

पाथर्डीफाटा
मग भंगारातलं इंजिन म्हणजे परक्याचं दुखणंच की! वर त्याचा नंबर आरटीओत जाऊन आरसीवर चढवायचा. बिल नसेल तर बसा हेलपाटे घालत.

जुनंलोखंड
भंगारातलं घ्या असं मी कुठे म्हटलं? आहे तेच खोला.

अंबडलिंकरोड
आधी खोलू नका! दादा, धूर कधी येतो? चढाला ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर सतत, तर बहुतेक रिंगा. उतारावर पाय काढून परत दाबल्यावर भपकन, नाहीतर सकाळी स्टार्टला, तर व्हॉल्व्हवरचे रबरी सील. ते थोडक्यात भागतं. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तपासा. आकडा वर चढला तर रिंगा.

मूळ प्रश्नकर्ता
आज समोर उभं राहून करून घेतलं. तीन सिलिंडर: 150, 145 आणि तिसरा 95 पीएसआय. ऑइल सोडल्यावर तिसरा 135. त्याचा प्लग काळा, तेलकट, बोटाला चिकटत होता.

पाथर्डीफाटा
म्हणजे रिंगाच. मिस्त्री बरोबर होते. विका.

जुनंलोखंड
एकच सिलिंडर बसलाय आणि विका काय? खोला. पण बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे आहेत का ते स्वतः बघितल्याशिवाय 45 ला हो म्हणू नका.

मूळ प्रश्नकर्ता
सोमवारी खोलतोय. बायकोला अजून सांगितलं नाही, ती विका-पार्टीत आहे.