जिन्यातले कॅमेरे (सोसायटी ग्रुप, देवपूर, धुळे)

सेक्रेटरी, ए-३०२: नमस्कार. जिन्यातले कॅमेरे गेल्या आठवड्यापासून चालू आहेत. क्यूआर कोड वर टाकलाय, स्कॅन केला की प्रत्येकाला मोबाइलवर लाइव्ह दिसेल. पुढे गेटवर चेहरा ओळखणारं मशीन घ्यायचा विचार आहे. मे महिन्यात निम्मी घरं बंद असतात, म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत काम उरकू.

बी-१०३: छान काम झालं भाऊ.

ए-२०१: काल रात्री पावणेबाराला बी विंगमध्ये बॅग घेऊन कोण चढलं? फोटो टाकलाय. कोणी ओळखतं का?

बी-३०४: ती माझी मुलगी आहे. नाशिकची बस उशिरा आली. तिचे पप्पा गाडी लावत होते, ती पुढे आली. हा फोटो तिला कॉलेजच्या मैत्रिणीकडून मिळाला, म्हणजे ग्रुपबाहेर गेलाय. सकाळी मला म्हणाली, यापुढे दिवसाच्याच गाडीने येईन. फार लागलं मला ते. फोटो काढा.

ए-२०१: काढला वहिनी. चोरीच्या भीतीने विचारलं होतं. माफ करा.

जिजी, बी-१०२: आम्हना दारनाम्होरे कॅमेरा कसाले? दुपारले आम्ही बाया जिनामा बसतस, शेंगा सोलतस, सुखदुख बोलतस. आते कोनीच बसत नही.

बी-४०१: लपवण्यासारखं काही नसेल तर कॅमेऱ्याची भीती कशाला?

बी-२०३: काका, शेंगा सोलताना जिजी काय लपवत होत्या? गुडघेदुखी, सुनेशी झालेली बोलाचाली, पैशाची ओढाताण हे बोलायला माणसाला चार माणसं लागतात, चाळीस नाही.

मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही. पार्किंगमधून मोटरसायकल गेली तेव्हा गेटच्या फुटेजचाच उपयोग झाला. गेट, पार्किंग, पाण्याची टाकी इथे कॅमेरा हवाच. पण आपण कुठून कुठे आलो ते बघा. आधी रजिस्टरात नाव आणि फ्लॅट नंबर लिहायचो. मग मोबाइल नंबर मागायला लागलो. मग कामवाल्या ताईंच्या आधार कार्डाचे फोटो घेतले, तेही वॉचमनच्या स्वतःच्या फोनमध्ये. तो वॉचमन नोकरी सोडून गेला, फोटो त्याच्याबरोबर गेले. मग गेटवर कॅमेरा, आता जिन्यात, उद्या चेहरे. प्रत्येक वेळी गोष्ट एवढी छोटी होती की मीटिंग घ्यावी असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

एकच लॉगिन सगळ्यांना दिलं की कोणी कधी काय पाहिलं, कुठला फोटो काढला, हे कधीच कळणार नाही. या कॅमेऱ्यांना माइक आहे, म्हणजे बोलणंही जातं. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड आपण बदललेला नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घुसखोर सॉफ्टवेअरने, कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

आता कायद्याचं. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक, घरगुती वापराला सूट आहे, पण ती व्यक्तीला आहे आणि सोसायटी ही संस्था आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती घ्यायची तर माहिती कशासाठी हवी ते सांगून, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी. चेहऱ्याच्या मशीनसमोरून सगळ्यात जास्त वेळा जाणार ती आपली मुलंच.

ए-१०४: आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी विचारलं. म्हणाल्या, आधार दिलं नाही तर आत सोडणार नाही असं सांगितलं होतं. ही कसली संमती? ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क केलेलं आधार तरी मागायचं होतं.

नाना, ए-४०२: माझंही ऐका. मी एकटा राहतो, मुलं पुण्याला. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन दारातच पडलो, बऱ्याच वेळाने दूधवाल्याने पाहिलं. मला माझ्या मजल्यावरचा कॅमेरा हवा आहे.

बी-२०३: नाना, तुमचं म्हणणं खरं आहे. तुमच्या दारापुरता कॅमेरा ठेवू, शेजाऱ्याचं दार त्यात येणार नाही असा वळवू. तो कोणी बघायचा हे तुम्ही ठरवा.

बी-३०४: एवढंच आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सेक्रेटरी, ए-३०२: क्यूआर कोड काढला. रात्री पासवर्ड बदलतो, माइक बंद करतो. फुटेज लागलं तर लेखी अर्ज आणि समितीचे दोन जण समोर, असा नियम मांडतो. नानांचा मजला सोडून जिन्यातले कॅमेरे तोवर बंद. चेहऱ्याचं मशीन सर्वसाधारण सभेशिवाय घेणार नाही. पण गेलेल्या वॉचमनच्या फोनमधल्या आधारच्या फोटोंचं काय करायचं? त्याचा नंबर लागत नाही.

बी-२०३: एजन्सीला लेखी पत्र देऊ. मसुदा रात्री टाकतो. ज्या ताईंचे फोटो गेले त्यांची यादी ए-१०४ ताई करतील का? हे त्यांनाही सांगावं लागेल.

ए-१०४: करते. उद्या सकाळी गेटवरच थांबते.